आजीच्या हातातला एकच रिमोट : प्रकल्पाच्या नोंदी

५ फेब्रुवारी

आजीचा हात थरथरतो. टीव्हीच्या रिमोटवरचं लाल बटण ती दाबते तेव्हा ते एकदा दाबलं जात नाही, दोनदा दाबलं जातं. टीव्ही लागतो आणि लगेच बंद होतो. मग ती पुन्हा दाबते. आज खोलीत गेलो तर बंद टीव्हीसमोर शांत बसली होती. कोणाला हाक मारली नव्हती. म्हणाली, "बटण माझं ऐकत नाही रे."

तिच्या उशाशी चार रिमोट आहेत : टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एसी आणि पंखा. प्रत्येकावर तीस-चाळीस बारीक बटणं. तिला लागतात त्यातली जेमतेम दहा. माझा जुना अँड्रॉइड फोन कपाटात पडून आहे आणि त्याच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा, म्हणजे रिमोट ज्या न दिसणाऱ्या प्रकाशाने बोलतो त्याचा, काळा ठिपका आहे. त्या फोनवर फक्त तिला लागतील तेवढीच मोठी बटणं आणायची, दुसरं काही नाही. हे काम तिच्यासाठी आहे, म्हणून तिचा हात चालला तरच प्रकल्प झाला असं धरणार.

६ फेब्रुवारी

आधी ठिपका जिवंत आहे का ते पाहिलं. तयार रिमोट ॲप टाकलं, बटण दाबलं आणि दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून ठिपक्याकडे पाहिलं. जांभळट पांढरा उजेड लुकलुकताना दिसला. मागच्या कॅमेऱ्यातून काहीच दिसलं नाही, कारण त्यात इन्फ्रारेड अडवणारी गाळणी चांगली असते. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. इन्फ्रारेडचा कोणताही रिमोट प्रकाश पाडतो की नाही हे तपासायला ही युक्ती पुरते.

अँड्रॉइडमध्ये या ठिपक्यासाठी २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून सोय आहे. फोनला ठिपका आहे का हे विचारता येतं, कोणत्या फ्रिक्वेन्सी (लुकलुकण्याच्या लयी) चालतात हे विचारता येतं आणि कोड पाठवता येतो. आयफोनला हा ठिपका नसतोच, तिथे वायफायवरची वेगळी पेटी लागते.

८ फेब्रुवारी

तयार ॲपवर दोन दिवस काढले. टीव्ही तिसऱ्या कोडला चालला. सेट टॉप बॉक्स अर्धवट. आणि मधेच पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते, ती बंद करायची फुली नखाएवढी. आजीला हे देता येणार नाही. आपलं ॲप आपणच लिहायचं.

अडचण एक आहे. फोनचा ठिपका फक्त बोलतो, ऐकत नाही. मूळ रिमोट काय पाठवतो ते टिपायला वेगळा कान लागेल.

१२ फेब्रुवारी

कान तयार झाला. टीएसओपी ३८२३८ हा तीन पायांचा रिसीव्हर आणि ईएसपी८२६६ चा बोर्ड, म्हणजे वायफाय असलेला, प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड. रिसीव्हरला ३.३ व्होल्ट, जमीन (ग्राउंड), आणि तिसरा पाय बोर्डाच्या १४ नंबरला. आयआररिमोटईएसपी८२६६ ही लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) टाकली. तिच्यातला नमुना प्रोग्राम पकडलेला कोड थेट वाचून दाखवतो.

सुरुवातीला कचरा आला. रिसीव्हर खिडकीकडे तोंड करून ठेवला होता. फिरवल्यावर स्वच्छ वाचन मिळालं. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, म्हणून तर रिमोट नुसता लागत-विझत नाही, तो सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. रिसीव्हर त्याच लयीचा प्रकाश उचलतो, बाकीचा सोडून देतो. पण बाहेरचं ऊन फारच असेल तर तोही दिपतो.

टीव्हीचा रिमोट एनईसी पद्धतीचा निघाला; कोड कसा लुकलुकायचा हे ठरवणारी ही एक पद्धत. ही पद्धत जवळून पाहताना खूप आवडली. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता : "ऐका, आता बोलतोय." त्यानंतर ३२ बिट, प्रत्येक बिट म्हणजे शून्य किंवा एक. प्रत्येक बिटात झोत तेवढाच, सुमारे ५६० मायक्रोसेकंद. फरक पडतो तो मागच्या शांततेत. शांतता तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. म्हणजे अर्थ उजेडात नाही, अंधारात भरलेला आहे. ३२ पैकी आठ बिट यंत्राचा पत्ता, आठ तोच पत्ता उलटा, आठ बटणाचा क्रमांक आणि आठ तोही उलटा. उलटसुलट जुळलं नाही तर टीव्ही ते ऐकलंच नाही असं धरतो.

मूळ रिमोटकडून कोड शिकण्याची ही कल्पना जुनी आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी १९८७ मध्ये आणलेला कोअर नावाचा रिमोटही असाच दुसऱ्या रिमोटांकडून शिकत असे.

१३ फेब्रुवारी

सेट टॉप बॉक्स. पद्धत वेगळी, आरसी-५, लय ३६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६,००० वेळा. माझा रिसीव्हर ३८ चा, तरी जवळून धरल्यावर ऐकू आलं, फक्त अंतर कमी मिळतं. लयीचा आकडा मात्र हा रिसीव्हर सांगत नाही, लय काढून टाकूनच तो पुढे पाठवतो. पद्धत ओळखली की लय कळते.

टिपलेले कोड जसेच्या तसे पाठवले तर गंमतीदार चूक झाली. चॅनल ११ मागितलं की बॉक्स नुसता १ घ्यायचा. दोन तास यात गेले. आरसी-५ च्या १४ बिटांत एक बिट असा आहे जो दर नव्या दाबाला पलटतो. तो पलटला नाही तर बॉक्सला वाटतं, बटण तेच अजून दाबून धरलंय. मी टिपलेला एकच कोड दोनदा पाठवत होतो, म्हणून दुसरा १ त्याच्या लेखी नवीन दाब नव्हताच. आता दर वेळी तो बिट पलटून पाठवतो.

हे लिहिताना लक्षात आलं की थरथरत्या हाताचा प्रश्नही हाच आहे. हा नवा दाब की जुनाच चालू, हे यंत्राने कसं ओळखायचं? रिमोट बनवणाऱ्यांनी तो प्रश्न यंत्रासाठी सोडवला. आजीच्या बोटासाठी मला सोडवायचाय.

१६ फेब्रुवारी

एसी. आजचा दिवस सगळ्यात शिकवणारा.

पहिल्यांदा वाचन अर्धवटच यायचं. कोड लांबलचक, आणि मधे एक मोठी शांतता. माझा प्रोग्राम त्या शांततेलाच शेवट समजून थांबायचा. थांबण्याची मर्यादा १५ वरून ५० मिलिसेकंद केली, साठवायची जागा १०२४ नोंदींची केली, तेव्हा पूर्ण संदेश हाती आला.

मग २४ वर असताना तापमान वाढवायचं बटण दाबलं. मला वाटलं होतं, "एक अंश वाढव" एवढं जाईल. तसं जात नाही. जातं ते असं : चालू, थंड करणं, २५ अंश, पंखा मध्यम, झडप फिरती. बटण कोणतंही दाबा, रिमोट दर वेळी पूर्ण स्थिती पाठवतो. एसीला मागचं काही आठवावं लागत नाही, आठवण रिमोटच्या पडद्यात राहते. म्हणूनच एसीच्या रिमोटला पडदा असतो आणि टीव्हीच्या रिमोटला नसतो. इतकी वर्षं हातात धरला, कधी हा विचार मनात आला नव्हता.

२४ आणि २५ चे संदेश शेजारी ठेवले. दोन ठिकाणी फरक. पहिला तापमानाचा, ते समजलं. दुसरा अगदी शेवटी. मी फक्त तापमान बदलून पाठवलं, एसी गप्प. पुन्हा, गप्प. शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या सगळ्यांची बेरीज तपासणारा ताळा आहे हे कळायला संध्याकाळ झाली. ताळा नव्याने काढून पाठवला आणि एसीने "टीं" केलं. तो आवाज ऐकून आजीच आतून म्हणाली, "लागला वाटतं!"

महत्त्वाची गोष्ट : पूर्ण स्थितीचा संदेश दहादा गेला तरी परिणाम एकच. "२६ वर सुरू" दोनदा दाबलं गेलं तर एसी २६ वर सुरूच राहतो. थरथरत्या हाताला असंच बटण हवं. टीव्हीचं लाल बटण याच्या बरोब्बर उलट आहे. "असशील त्याच्या उलट हो" एवढंच ते सांगतं, आणि दोनदा सांगितलं की सांगितल्याचा उपयोग शून्य. आता टीव्हीलाही एसीसारखं वागवायचं, हे ठरलं.

१७ फेब्रुवारी

पंख्याच्या रिमोटचं काहीच वाचन नाही. सेल नवे घातले, तरी नाही. कॅमेऱ्यातही लुकलुक दिसली नाही. मग रिमोट पांघरुणाखाली धरून दाबला, पंखा चालला. म्हणजे रेडिओ लहरींवरचा आहे, इन्फ्रारेडचा नाही. या फोनमधून तो चालणार नाही. पंखा यादीतून काढला. त्याच्या चालू-बंदच्या बटणावर जाड कापडी पट्टीचा उंचवटा चिकटवून दिला, बोटाला न बघता सापडतो.

२० फेब्रुवारी

ॲप लिहायला घेतलं. अँड्रॉइडला दोन गोष्टी द्यायच्या : लय हर्ट्झमध्ये आणि काळांची रांग मायक्रोसेकंदांत. उजेड, अंधार, उजेड, अंधार, याच क्रमाने.

टीव्ही ऐकेना. पत्ता बरोबर, क्रमांक बरोबर, उलटे बिट बरोबर, प्रत्येक आठात शेवटचा बिट आधी जातो तेही सांभाळलेलं. रात्री रांग मोजली. ६६ आकडे. सुरुवातीचे दोन, ३२ बिटांचे ६४. आणि इथेच चूक होती. अर्थ शांततेत असतो, पण शांतता संपली हे कळायला तिच्यानंतर एक झोत लागतो. शेवटच्या बिटाची शांतता मी उघडीच सोडली होती. ५६० चा आणखी एक आकडा जोडला, ६७ झाले, टीव्ही पहिल्याच दाबाला लागला.

२२ फेब्रुवारी

आजीच्या हातात पहिल्यांदा फोन दिला. स्क्रीनवर सहा बटणं, प्रत्येक तिच्या अंगठ्याच्या दुप्पट रुंद, पिवळ्यावर काळी अक्षरं.

चाललं नाही. ती बोट ठेवायची आणि काहीच व्हायचं नाही. शेजारी बसून नीट पाहिलं. तिचं बोट काचेवर टेकतं, टेकल्यावर बारीकसं सरकतं, मग उचललं जातं. माझी बटणं सरकत्या पानावर होती. पडद्यावरच्या आठेक बिंदूंपेक्षा जास्त बोट हललं की अँड्रॉइड म्हणतो, हे बटण दाबणं नव्हे, हे पान सरकवणं आहे. माझं बोट कधीच एवढं हलत नाही, म्हणून मला हे दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी दोन बदल केले. पान सरकतं ठेवलं नाही, सगळी बटणं एका पडद्यात. आणि कोड बोट उचलल्यावर न जाता टेकताक्षणी जातो. टेकलं की फोन हलकेच थरारतो, तो तिला तळहातावर जाणवतो.

नंतर दुसरा त्रास वर आला. आता तिचा प्रत्येक दाब पोचतो, म्हणून दुहेरी दाबही पोचतो. टीव्ही लागून बंद. दोन दाबांमध्ये दोन सेकंदांची बंदी घातली. तेही पुरलं नाही, कारण टीव्हीला चित्र यायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात "लागला नाही" असं समजून ती पुन्हा दाबते. बंदी आठ सेकंदांची केली आणि तेवढा वेळ बटणावर मोठ्या अक्षरांत "टीव्ही लागतोय" असं येतं.

चाललं. पण बंदी घालणं हा मार्ग मला पटलेला नाही. चूक तिच्या बोटाची नाहीये, लाल बटणाच्या कोडाची आहे.

२५ फेब्रुवारी

टीव्हीला चालू आणि बंदसाठी वेगवेगळे कोड असतात का, हे शोधलं. पुष्कळ टीव्हींत असतात, फक्त घरच्या रिमोटवर त्यांचं बटण नसतं. पत्ता तोच ठेवून बटणाचे ० ते २५५ हे सगळे क्रमांक तीन-तीन सेकंदांनी पाठवायचे आणि समोर बसून बघायचं. एकूण तेरा मिनिटं.

यात धोका आहे हे लिहून ठेवतो. एका क्रमांकाला दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचा मेन्यू उघडला. तिथे पुढचा कोड गेला असता तर कोणती तरी सेटिंग बदलली असती. ॲप लगेच थांबवलं, टीव्हीचा प्लग काढला, तो क्रमांक गाळला आणि मग पुढे गेलो. हे काम यंत्रावर सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

आणि सापडले! एक क्रमांक असा की बंद टीव्ही लागतो, लागलेला तसाच राहतो. दुसरा असा की फक्त बंद करतो. आठ सेकंदांची बंदी काढून टाकली. एका बटणाची दोन बटणं केली : हिरवं "टीव्ही लाव", लाल "टीव्ही बंद". आजीने हिरवं बटण सलग पाच वेळा दाबलं. टीव्ही लागलेलाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सहाव्यांदा दाबलं.

२८ फेब्रुवारी

एसी पलंगाच्या डोक्याकडे, भिंतीवर उंच. फोनचा ठिपका दुबळा आहे. एसी चालवायला आजीला फोन मागे वळवून उंच धरावा लागतो, ते तिला झेपत नाही. म्हणून समोरच्या कपाटावर एक छोटी पेटी ठेवायची : आत तोच ईएसपी बोर्ड, बाहेर तीन इन्फ्रारेड एलईडी तीन दिशांना. फोन वायफायवरून पेटीला सांगेल, पेटी प्रकाश पाडेल.

बोर्डाच्या पायातून १२ मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये, म्हणून एलईडीसाठी २एन२२२२ ट्रान्झिस्टर, जो छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करतो. त्याच्या बेसला, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायाला, ४७० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येक एलईडीला ५ व्होल्टवरून वेगळा ३३ ओहम, म्हणजे झोताच्या क्षणी सुमारे १०० मिलिअँपिअर. झोत क्षणभराचे असतात म्हणून हे चालतं, सतत लावून ठेवला तर एलईडी टिकणार नाही.

बेस आधी २ नंबरच्या पायाला जोडला होता. बोर्ड चालूच होईना. सुरू होताना त्या पायाचा व्होल्टेज वर असावा लागतो आणि ट्रान्झिस्टर त्याला खाली ओढत होता. ४ नंबरवर नेला, सुरळीत.

३ मार्च

वायफाय गेलं तर? ॲप आता आधी पेटीला विचारतं, एका सेकंदात उत्तर नाही आलं तर स्वतःच्या ठिपक्यातून पाठवतं. टीव्ही समोरच असल्याने तेवढं पुरतं.

पेटीला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. राउटरमध्ये तिचा पत्ता कायमचा बांधून दिला, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलला की आजीची बटणं मुकी होतील. पेटी घराबाहेरच्या इंटरनेटला उघडी केलेली नाही आणि करणारही नाही. तिला पासवर्डचं कुलूप नाही.

८ मार्च

काल रात्री आजीला थंडी वाजली. तिने फोन पाहिला, स्क्रीनवर "एसी बंद" असं होतं. एसी चालू होता. दादाने झोपण्याआधी मूळ रिमोटने लावला होता, ते माझ्या ॲपला माहीतच नव्हतं. ती तशीच कुडकुडत पडून राहिली, कारण फोन "बंद" म्हणत होता आणि तिने फोनवर विश्वास ठेवला.

याचं मला फार वाईट वाटलं. कोड पाठवला एवढंच ॲपला ठाऊक असतं. एसीने ऐकला की नाही, नंतर कोणी बदलला का, हे इन्फ्रारेडवरून परत कळत नाही. तरीही मी स्क्रीनवर ठामपणे "बंद" लिहून ठेवलं होतं.

आज तीन गोष्टी केल्या. स्क्रीनवरचे "चालू" आणि "बंद" हे स्थितीचे शब्द काढले. आता दाबल्यावर दोन सेकंद "सांगितलं" येतं आणि जातं. ॲप तेवढंच खात्रीने म्हणू शकतं. दुसरं, पेटीला रिसीव्हरही जोडला. दादा मूळ रिमोट वापरतो तेव्हा पेटी तो संदेश ऐकते, आणि एसीच्या संदेशात पूर्ण स्थिती असल्याने बटणाखाली "शेवटचं सांगणं : २४ वर, रात्री १०:४०" असं लिहिलेलं दिसतं. पेटी स्वतः बोलताना स्वतःचंच ऐकू नये म्हणून तेवढा वेळ कान बंद ठेवला. तिसरं, आजीला समजावून सांगितलं : "एसीचं 'टीं' ऐकू आलं तरच झालं समज. नाही आलं तर पुन्हा दाब, कितीही वेळा दाबलंस तरी बिघडत नाही." हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यात आवडलं.

१५ मार्च

आठवडाभर काहीही न बदलता वापरलं. मूळ रिमोट फेकलेले नाहीत, कपाटाच्या खणात आहेत. टीव्हीच्या सेटिंग आणि एसीचा टायमर यांना ते लागतातच. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून ठेवले, पडून राहिले की पाझरतात.

फोन चार्ज करायला ती विसरते. पलंगाच्या कठड्याला उभा स्टँड लावला, त्यातच चार्जर. फोन तिथून काढायचीच गरज नाही, पेटी समोर आहे. स्क्रीन कायम जागी ठेवली, उजेड कमी केला.

सकाळी स्वयंपाकघरात होतो. आतून बातम्यांचा आवाज आला. कोणी लावून दिल्या नव्हत्या. आवाज जरा वाढला, मग आणखी वाढला, मग फारच वाढला आणि हाक आली : "अरे, कमी करायचं बटण वाढवायच्या बटणाला फार चिकटून आहे!"

दोन्ही बटणांमध्ये बोटभर जागा सोडायची. आज संध्याकाळी.